एकतीस नंबर

मकरपुऱ्याच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकराला फक्त लाल दिवा ठेवून
मी एकतीस नंबरचा पिंजरा ओढतो.
पांढरा उंदीर. वजन तीनशे बारा ग्रॅम.
नाव द्यायचं नाही, पारुलबेननी पहिल्याच दिवशी सांगितलं,
दिलंही नाही.
फक्त ‘चल’ म्हणतो, आणि तो येतो.

डोक्यावर त्याच्या गुलाबी टोपी,
कवळीच्या मसाल्याची.
रावपुऱ्यात बाबा हाच मसाला कालवायचे,
पूड, वरून थेंबाथेंबाने औषध,
आणि जेवणाला तोच वास.
त्यांनी म्हाताऱ्यांना दात दिले.
मी त्यात नळी बसवतो, केरसुणीच्या काडीहून बारीक,
मानेमागे, मेंदूच्या पायथ्याशी
पाणी साठतं तिथवर.

घाई चालत नाही.
ओढलं की रक्त येतं,
लाल छटेचा थेंब टाकून द्यावा लागतो,
त्याने दिलेला असला तरी.
पन्नास मायक्रोलिटर:
डोळ्यातलं कुसळ काढताना येईल तेवढं.
चिठ्ठी, तारीख, उणे ऐंशीचं कपाट.
आतलं पाणी तासाभरात परत भरतं,
त्याला सांगावं लागत नाही.

बाकीच्यांच्या नळ्या तीन आठवड्यांत बुजल्या.
ह्याची चौऱ्याण्णव दिवस चालली.
बंगळूरहून एक साहेब बघायला आले,
फोटो काढले,
नळीचे.

पंचाण्णवाव्या रात्री थेंब नाही.
मान थोडी खाली करून पाहिली,
मीठपाणी लावून पाहिलं, थांबलो.
आत कुठेतरी,
ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्या मांसाने
धागा धागा विणत
दार लावून घेतलं होतं.

मला बरं वाटलं.
त्याला नोंदवहीत रकाना नाही.
लिहिलं: नळी बंद. ११.४०. पुढील निर्णय वरिष्ठांचा.
निर्णय काय असतो ते मला माहीत आहे.
तो माझ्या अंगठ्यावर टोपी घासत उभा,
रोजच्यासारखा,
झालं का, म्हणून.

सकाळी सुटल्यावर गाडीवर सेव-उसळ खाल्ली.
तिखट. डोळ्यांना पाणी आलं.
रुमाल काढताना खिशातून
न चिकटवलेली चिठ्ठी निघाली:
३१, दिवस ९५,
पुढे रेघ, रेघेवर काही नाही.
गाडीवाला विचारत होता, तरी आपूं?
दोनदा विचारलं त्याने.