पहाटेचे निरोप

उआनूनीत पहाटे साडेचारला
कथलाच्या खाणीवर अंधार असतो
आणि रेडिओवर मी.
एकोणीस वर्षं लोकांचे निरोप वाचतोय:
बासिलियाबाईंचा काळा अल्पाका हरवलाय, डाव्या कानात लाल लोकर.
एलेउतेरिओ, आईनं अंथरूण धरलंय, असशील तसा निघ.
निरोपाला पाच बोलिव्हियानो.
मयताचा असेल तर फुकट.

मंगळवारी फोर्तुनातो कोल्के आला.
ड्रिलवाला. उजव्या हाताला तीन बोटं,
गालात कोकाच्या पानांचा गोळा.
ह्या माणसाला बघून आम्ही पोरं गल्ली बदलायचो.
नाणी मोजून ठेवली,
म्हणाला, मला लिहिता येत नाही, तू लिही,
आणि माझ्याकडे पाठ करून
भिंतीशी बोलू लागला.

"विल्मेर, कोचाबांबात आहेस म्हणतात.
बोगद्यात पहिल्या दिवशी तुझे पाय लटपटले
तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो,
जा, आईचा घागरा नेसून ये.
लोक हसले. मीही हसलो.
त्याच बोगद्यात, माझ्या पहिल्या दिवशी,
माझी चड्डी ओली झाली होती.
तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही.
एवढंच."

विचारलं, नाव घालू?
"बिननावाचा निरोप कुणाचा असतो रे?"

मी मेलेल्यांची नावं न अडखळता वाचणारा माणूस.
चड्डीपाशी अडखळलो.
निरोप दोनदा वाचायचा, असा आमचा नियम.
दुसऱ्यांदा सावकाश वाचला.

खाणीच्या तोंडाशी तेव्हा पाळी बदलत होती,
रेडिओ खुंटीला टांगलेला.
सांगतात की कुणीतरी शीळ घातली,
कुणी घागऱ्याचं काही म्हणालं,
मग दिवे वाटणारा म्हातारा सातुर्निनो
एकाच्या टोपीवरचा दिवा आवळता आवळता
म्हणाला, "माझीपण."
त्यावर कुणी काही बोललं नाही.
पिंजरा खाली गेला.

विल्मेरचं उत्तर नाही अजून.
फोर्तुनातो रोज विचारत नाही,
फक्त खिडकीवरून जाताना चाल मंदावतो.

परवा एक तरणा गडी आला.
पाच बोलिव्हियानो ठेवले,
टोपी हातात पिळत
बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
शेवटी म्हणाला, लिहा,
अल्पाका हरवलाय.
रंग विचारला,
तर सांगता येईना.

घेतला निरोप.
दोनदा वाचला.