डावा पाय

उद्यमबागेत शांतिनाथ चौगुल्यांनी गाडी बांधली,
बसच्या सांगाड्यावर बिछाना, शेगडी, न्हाणी,
टपावर दोनशे लिटर पाणी.
म्हणाले, भरमा, डेपोत तीस वर्षं काढलीस, चालव.
बसलो. खाली बघितलं.
क्लच नाही.
डावा पाय म्हणाला, मग माझं काय काम?

पहिली पेटी चार गिअरची.
हत्तरगी ते संकेश्वर, सपाटीला, तक्रार नाही,
उसाच्या ट्रॉल्या मागे टाकत गेलो.
गोव्याहून येताना चोर्ल्याच्या चढाला मात्र
दुसऱ्यात इंजिन बोंबलतंय,
तिसऱ्यात गेलं की मान टाकतंय,
आणि मधे काहीच नाही.
गवंड्यानं जिन्याची एक पायरी गाळावी
आणि बिऱ्हाड डोक्यावर घेऊन आपण चढावं, तसं.
वहिनी मागे ताटं धरून बसलेल्या.
एक पेला फुटला, कुणी बोललं नाही.

मग पुण्याहून आठ गिअरची पेटी आली.
चौगुले आठ आठ म्हणत महिनाभर हिंडले,
देव्हाऱ्यातली लक्ष्मी मोजावी तसं.
माझा मेहुणा नागोजी दातेच कापतो, आयुष्यभर,
बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं.
तो म्हणाला, दाजी, ताकद काही वाढत नाही.
भाकरी तीच.
तुकडे आठ केले, म्हणून घास अडकत नाही, एवढंच.

खरंच अडकला नाही.
त्याच चढाला, त्याच पाण्यासकट
गाडी अशी वर आली
की वहिनींनी मागे चक्क कांदा चिरला.
डिझेलही लिटरमागे दीड किलोमीटर जास्त.

पण कणकुंबी सोडली की रस्ता जरा वर, जरा खाली,
आणि पेटीला काही ठरवता येईना.
सहावा, पाचवा, सहावा, पाचवा.
ईरण्णा कंडक्टर शेजारी असता तर मोजला असता,
आरु, ऐदु, आरु, ऐदु,
तिकिटं मोजायचा त्याच सुरात.
पोरगी पसंत आहे की नाही,
पाहुणे उठतात, पुन्हा बसतात, चहा निवतो, तसं चाललेलं.
मी दांडा ओढला, पाचव्यात बांधली तिला.
म्हटलं, बाई, जांबोटी येईपर्यंत इथंच बस.

आणि उतार.
पुन्हा गोव्याकडे जाताना मी दुसरा लावला.
चौगुले म्हणाले, आठ आहेत ना रे?
आठ विकत घेतलेत, दोनच वापरतोस?
वळणावर एक ट्रक उभा होता,
चाकातून धूर, चाकाखाली दगड,
क्लीनर बादली घेऊन ओढ्याकडे पळत होता.
तो वास काचा बंद असूनही आत आला.
चौगुल्यांनी पट्टा जरा आवळला.
खाली चहाच्या टपरीवर मी सांगितलं,
ज्या गिअरात चढते, उतरावं त्याच्या एक खालीच.
हे मला कुणी शिकवलं नाही,
म्हणजे शिकवलं, पण तो माणूस आता नाही.

आता महिन्यातून दोन फेऱ्या.
गुडघा दुखत नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा
मुतग्याच्या घराची पायरी सरळ चढतो.
फक्त रात्री, शेवंता सांगते,
झोपेत डावा पाय तिची पोटरी दाबतो,
दाबून धरतो, हळूहळू सोडतो.
ती विचारते, कुठला घाट?
मी म्हणे म्हणतो,
तिसरा पडला, झोप.