बावीस पूर्णांक चार

फेरी आजही सुटली नाही.
सामुद्रधुनीवर वारा असा, की पोर्वेनीरच्या धक्क्यावरची कुत्रीही
भिंतीला अंग घासत चालतात.
पलीकडे पुंता आरेनासच्या दुकानात
आमचे आठ नवे बोल्ट
तेलकट कागदात गुंडाळून निवांत पडलेत.

इथे झुलेमाबाईंची पिकअप
लाकडी ठोकळ्यांवर, पोट उघडं टाकून.
गिअरबॉक्स खाली, क्लच सुटा,
आणि बाप म्हणतो, जुनेच लाव.

बापाचं म्हणणं अगदीच खोटं नाही.
गिअरबॉक्सच्या आवरणाचे बोल्ट त्यानेच काढले,
पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याच्या त्याच्या जागी खोचले,
लांब वर, आखूड खाली, आणि तो एक तिरपा
जिथे हात पोचत नाही, फक्त शिवी पोचते.
घासलेटात धुतले, तारेच्या ब्रशने आटे घासले,
नट बोटाने फिरवून पाहिला. कुठे अडला नाही.
ते परत जातील.
याआधी दोनदा गेलेत, अजून तीनदा जातील.
चाळीस वर्षं तो असंच करत आलाय
आणि त्याच्या हातची एकही गाडी
कुरणात मधेच मरून पडली नाही,
निदान त्याच्या कानावर आली नाही.

फ्लायव्हीलचे आठ मात्र वेगळे.
त्यांचं घट्ट बसणं म्हणजेच ताणलं जाणं.
शेवटचा पाव फेरा देताना
पान्याखाली पोलाद किंचित मऊ पडतं;
मनगटाला कळतं, कानाला नाही.
तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
हे न तुटता ताणलेले,
आणि दिसायला अजून नवऱ्या मुलासारखे.

"पुस्तकात लिहिलंय, एकदाच वापरा," मी म्हणते.
"पुस्तक छापतात तेच बोल्ट विकतात," बाप.

झुलेमाबाई चुलीशी माते पीत बसल्यात.
मेंढ्या कातरणाऱ्या टोळीच्या त्या स्वयंपाकीण.
तिकडे शेडमध्ये बत्तीस माणसं
तिसऱ्या दिवशीही बिस्किटांवर आहेत.
गाडीत मागे पिठाची पोती, दोन कढया, कांदे.
नळी तोंडातून काढून त्या म्हणतात,
"माणसाचंही असंच गं, अन्सेल्माच्या पोरी.
एकदा ताणलं की..."
"बाई," बाप मान वर न करता म्हणतो,
"बोल्टाला बोल्ट राहू दे.
तुमच्या दुःखाचे आटे निराळे."
त्या हसतात. नळी पुन्हा तोंडात.

मी व्हर्नियर घेते. पुस्तकात हद्द दिलीय:
बावीस पूर्णांक दोन.
पहिला बावीस. दुसरा बावीस.
तिसरा थोडा वर, पण हद्दीच्या आत.
बाप पुठ्ठा पुसतोय, मुद्दाम, माझ्याकडे पाठ करून.
चौथा, पाचवा, सहावा ठीक.
आता मलाच वाटायला लागतं
की उद्या पहाटे कढया चुलीवर चढतील.
सातवा बावीस पूर्णांक चार.
पुसून परत मोजते. चार.
आट्यांच्या वर, मानेशी, नखाने चाचपावी लागेल
इतकी बारीक कंबर पडलेली.

मी काहीच बोलत नाही. बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवते.
तो चष्मा कपाळावरून खाली घेतो,
नख फिरवतो, उजेडाकडे धरतो, पुन्हा नख.
बाहेर पत्र्याचा एक कोपरा थाडथाड वाजतोय.
"हा मी लावला होता," तो म्हणतो.
"सहा वर्षांपूर्वी. तेव्हाही जुनाच."

मग आठही उचलून
दाराजवळच्या चहाच्या डब्यात टाकतो.
त्या डब्यातलं काहीही पुन्हा इंजिनात जात नाही.
त्यातला एक कुंपणाच्या फाटकाला अडसर आहे,
एक खिडकीच्या दोरीला वजन,
आणि दाराच्या चौकटीत ठोकलेल्या तिघांवर
आमचे कोट.

चौथं भोक बाप आत्ता पाडतोय.
"बाई," तो म्हणतो, "फेरी लागेपर्यंत
कोट काढून बसा."