उताऱ्यावर अजून घरच आहे

पावलिन बारदेसकरणीनं बोलावलं म्हणून गेलो,
खानापूरच्या पुढं, फाटक ओलांडून,
खिशात ओळंबा, सायकलीला घण.
म्हणाली, ही भिंत काढ.
माजघर आणि भाताची खोली यांच्यामधली,
जांभ्याची, दीड हात रुंद,
सासऱ्यानं घातलेली.

मी म्हटलं, तुळईचं काय करायचं?
भिंत नुसती आडवी नसते बाई,
वरचं सगळं तिच्या डोक्यावर असतं.
ती म्हणाली, रविवारी बावीस माणसं येतात,
दहा आत, बारा पडवीत.
पडवीतल्यांना अर्धीच प्रार्थना ऐकू येते,
अर्ध्यावरच आमेन म्हणतात बिचारे.

फादर इनास तेव्हा पोरगेलासा होता.
कानडीत सुरू करायचा, मराठीत संपवायचा,
मध्येच घाई झाली की कोंकणी.
चहा पिता पिता सांगायला लागला:
पहिली दोन-अडीचशे वर्षं आमचं वेगळं देऊळ नव्हतंच.
कुणाचं तरी घर असायचं,
एखाद्या विधवेचं, एखाद्या तंबू शिवणाऱ्याचं.
दार लोटून भाकरी मोडली की झालं देऊळ.
फरात नदीच्या काठी एका गावात
अशीच मधली भिंत पाडली होती म्हणे.
दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद,
हौदावर रंगवलेला मेंढपाळ, खांद्यावर मेंढरू.
पुढं शत्रू चालून आला. तटाला आधार हवा म्हणून
गावानं ते घर मातीनं भरून टाकलं.
गाव पडलं.
घर राहिलं, मातीच्या पोटात, रंगासकट.

मी विचारलं, गवंडी कोण होता?
फादर हसला. ते कुणी लिहून ठेवत नाही.

तीन दिवस घण घातला.
कोनाड्यातली काजळी निघाली, उंदरांनी साठवलेलं भात निघालं.
तुळईखाली सागाचा खांब दिला,
तो मधोमध बसला नाही, हातभर डावीकडं सरकला.
आता म्हातारा बस्त्याव त्याला टेकून बसतो,
उपदेश लांबला की तिथंच झोपतो.
हौद काही बांधला नाही. तांब्याचं घंगाळ आहे.
रविवारी त्यात पोराचं डोकं भिजवतात,
सोमवारी पावलिनबाई त्यातच अंघोळीचं पाणी काढते.

जमिनीवर शहाबादी घातली,
तरी भिंत होती तिथं रेघ उठतेच.
पावसाळ्यात ओल बरोब्बर त्या रेघेनं चालते.
आमच्याकडं रेघांचं तसं नवल नाही.
नकाशावरच्या एका रेघेपायी
माझ्या बापानं हिंडलग्याच्या तुरुंगात अकरा दिवस काढले.
ह्या रेघेवर मात लुसियाची पोरं फतकल मारून बसतात,
एक पाय माजघरात, एक भातात.

पुढं राजाच त्यांच्यात आला, फादर सांगतो,
मग कचेरीसारख्या लांब इमारती झाल्या,
दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा,
न्यायाधीश बसायचा त्या गोल टोकाला वेदी.
मला ते पटलं. कचेरीत माणूस आपोआप हळू बोलतो.

आता इथंही नकाशा आलाय, निळ्या कागदावर.
मनोरा आहे, घंटा आहे, गोल टोक आहे.
पंचायतीच्या उताऱ्यावर मात्र अजून कानडीत ‘मने’,
घर, नंबर सत्तेचाळीस.
लाईटबिल पावलिनबाईच्या नावावर.
तिनं नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला,
म्हणाली, चूल कुठं दिसत नाही ह्यात.

सिमेंट किती, सळई किती, मी हिशोब मांडलाय.
घंटेचा लाकडी सांगाडा वेगळा धरलाय.
प्रार्थना चालू असताना कोंबड्या आत येतात,
त्यांच्यासाठी उंबरा किती उंच ठेवायचा,
तेवढं विचारायचं राहिलंय.