चौथा रकाना

केयोन बंदर, चिलीचं दक्षिण टोक.
सॅमन खारवायची सात नंबरची टाकी.
आत उतरून एदेल्मिरा नावेल्किन
बॅटरी आडवी धरते, पत्र्याला जवळजवळ गाल टेकवून.
समोरून उजेड टाकला तर
सगळं आरशासारखंच दिसतं.

आडव्या उजेडात एक टिंब.
भोवती तांबूस ओघळ, वाळलेला.
ती टोचणी लावते. टोचणी आत जाते
आणि जातच राहते.

वर झाकणापाशी व्यवस्थापक विचारतो: कोणामुळे?
नाव त्याच्या मनात ठरलेलंच आहे.
रोसामेल, रात्रपाळीचा पोरगा.
समुद्र लाल झाला, कारखाना बंद पडला,
आणि यानं टाकीतलं मिठाचं पाणी सोडलं नाही.
एकवीस दिवस ते पाणी निजून होतं.

निजलं, हे खरं.
पण या पोलादाच्या अंगावर पापुद्रा असतो,
क्रोमियमचा, हवेनं विणलेला,
इतका पातळ की त्याला जाडी म्हणणंही जड जातं.
ओरखडा उठला की पापणी लवायच्या आत
पुन्हा सायीसारखा धरतो.
मीठ रोज टोचतं, रोज खपली धरते,
हजार जखमा कुणाला न कळता बऱ्या होतात.

एक होत नाही.
तिथं गंधकाचा कण असतो, मँगनीजला बिलगलेला,
दूरच्या कुठल्या भट्टीत, रसात राहून गेलेला.
तो विरघळतो, जागा सोडतो.
त्या जागेत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.
आंबतं.
वर जाळीदार, शहाणी खपली. आत आम्ल.
धातू विरघळला की मीठ आणखी आत ओढलं जातं,
मीठ आलं की धातू आणखी विरघळतो,
आणि भोवतीचा सगळा लखलखता पत्रा
बिनडाग राहतो,
कारण त्याचंही देणं हे टिंबच फेडत असतं.

एदेल्मिराची आई शिंपले सोलता सोलता
दुखणं अंगावर काढायची.
डॉक्टरनं विचारलं होतं, कधीपासून?
आई हसली होती.

छापील अर्जात चौथा रकाना:
दोष केव्हा सुरू झाला.
थंडीनं शाई उतरत नाही. ती पेन झटकते,
'भट्टीत' लिहिते, खोडते.
पाणीही होतंच ना. एकवीस दिवस.
शिडीच्या पायाशी रोसामेल, बूट ओले,
वर बघत नाही.

खडू दे, ती म्हणते.
टिंबाभोवती गोल काढते,
मग बॅटरी पुन्हा आडवी.
वीतभर पलीकडे, दुसरं.