हात चुकला

बावीस वर्षं डोकी भादरतोय मी.
सलूनमध्ये नाही. सायनला, हॉस्पिटलात,
जिथे गिऱ्हाईक आरशात बघत नाही
आणि "बाजूने बारीक, वरचे राहू दे" असं सांगत नाही.

रात्री दीड-दोनला वॉर्डबॉय हाक मारतो,
"मुरारीमामा, एक डोकं आलंय."
असंच म्हणतो. माणूस आलाय म्हणत नाही.
मी नवं पातं लावतो, वाटीत पाणी घेतो,
कोमटच घेतो. त्याला कळणार नसतं,
तरी.

बहुतेकांचे केस जेलने ताठ असतात.
एकाच्या कानामागे वस्तऱ्याने काढलेली वीज होती,
आदल्याच दिवशीची, कडा अजून कोऱ्या.
कुठल्यातरी कारागिराचा अर्धा तास गेला असेल तिच्यात.
माझ्या दोन ओढींत गेली ती.
मनातल्या मनात मी त्या कारागिराला हात जोडले.

केसांत खडी सापडते, काचेचा चुरा सापडतो.
एकदा झेंडूची पाकळी सापडली.
गाडी नवी असणार, नुकतीच पूजा झालेली.

बाहेर बाकावर बाप बसलेला असतो,
मांडीवर हेल्मेट घेऊन. त्याला ओरखडासुद्धा नसतो.
पोराने कोपराला अडकवलं होतं; कोपर शाबूत आहे.
एका बापाने मला विचारलं, "हे आत जमा करायचं का?"
मी म्हटलं, "राहू द्या तुमच्यापाशी."
नंतर किती तरी दिवस वाटत राहिलं,
दुसरं काही बोलायला हवं होतं.

घरी यातलं काही बोलत नाही मी.
भटवाडीचा चढ चढायच्या आत ड्युटी खाली ठेवतो.

आमच्या प्रणितचं जावळ मीच काढलं होतं,
त्याच्या मामाच्या मांडीवर.
टाळू भरली नव्हती अजून,
अंगठ्याखाली लपलप लपलप करायची.
आई रोज वाटीभर तेल जिरवायची तिच्यावर.
डोक्यात दोन भोवरे. सगळे हसले,
"दोन बायका करणार हा!"

आता तो तेवीसचा. हप्त्यावर बाइक.
अंधेरीला जातो, पवईवरून.
हेल्मेट टाकीवर, बसवलेल्या गणपतीसारखं.
हवालदार दिसला की डोक्यावर, सिग्नल सुटला की खाली.
"सेटिंग बिघडतं, पप्पा."
पट्टा तर कधी लागलेलाच नाही,
त्याच्यावरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही.

गेल्या रविवारी म्हणाला,
"सलूनवाला अडीचशे मागतो. तुम्हीच मारा ना मशीन."
मोरीपाशी स्टूल ठेवलं, मानेला टॉवेल गुंडाळला.
बाजू झाल्या. मागचं झालं.
डोकं धरायला म्हणून हात वर गेला
आणि अंगठा बरोबर तिथेच टेकला,
टाळूवर.
भरलेली होती. टणक.
मला माहीत आहे ती किती टणक असते.
मला माहीत आहे ती किती टणक नसते.

मग मशीन कपाळापासून निघालं
आणि भोवऱ्यांपर्यंत थांबलं नाही.

त्याने आरसा बघितला आणि जी बोंब ठोकली!
आता सगळंच काढावं लागलं.
त्याची आई पिठाच्या हातांनी बाहेर आली,
"अहो, बाप जिवंत असताना पोराचं मुंडण?"
मी काही बोललो नाही.
रोज बघतो मी.
बाप बाहेर बाकावर जिवंतच असतो.

"हात चुकला," म्हटलं.
बावीस वर्षांत चुकला नव्हता.

चार दिवस बोलला नाही माझ्याशी.
पण लाजेने हेल्मेट चढवतो,
जिन्यातच चढवतो, शेजारचे बघतील म्हणून.
ऑफिसच्या दारापर्यंत काढत नाही म्हणे.
टपरीवर चहासुद्धा काच वर करून पितो.
आणि वाऱ्याने उडालं तर टक्कल दिसेल,
म्हणून पट्टासुद्धा लावतो.
मी गॅलरीत दात घासत उभा असतो.
खालून टक् असा आवाज येतो.
मग मी चूळ भरतो.

केस महिन्याला अर्धा इंच वाढतात,
हा माझा धंदा, मला हिशेब ठाऊक आहे.
तीन महिने मिळाले, फार तर चार.
सवय लागायला किती लागतात,
ते मोठ्या डॉक्टरांना विचारीन म्हणतो,
रात्री एखादं डोकं आलं नाही तर.