तोडला कोनं?

हिंगणा एमआयडीसी, हेडाऊंची शेड.
मे महिना. सकाळी साडेआठलाच पत्रा कडकड वाजतो,
आणि पाना टेबलावरून उचलायचा तर
आधी ओल्या फडक्यात धरावा लागतो.

उमरेडच्या कोळशाच्या ट्रकचं गिअरबॉक्स केसिंग आलंय.
सात बोल्ट डब्यात सुटे.
आठवा आत.
वर काही नाही, धरायला काही नाही,
नखाएवढा करडा, चमकता डाग फक्त.

ड्रायव्हर विचारतो, "भाऊ कुठी हाये?"
मी म्हणते, मीच.
तो टायरवर बसतो, फोन लावतो,
कोणाला तरी हळू सांगतो,
बाईच्या हातात द्या लागलं.

यादोराव आता खुर्चीतून उठत नाहीत.
गुडघे गेले, कान शाबूत.
दरवेळी आधी एकच विचारतात:
"तोडला कोनं?"

पहिलं वर्षभर मला वाटायचं,
शिव्या कोणाला घालायच्या ते ठरवतायत.
मग कळलं, त्यांना हात हवा असतो,
तोडणारा हात. आवळताना गेला की सोडवताना?
आवळताना गेलेला आत सैल असतो,
नुसता बसून असतो.
सोडवताना गेलेला
जागचा हलायला तयारच नव्हता, म्हणून गेला.

ड्रायव्हर फोन खिशात ठेवतो.
"सोडवताना. मीच.
रात्री, बुटीबोरीच्या पुढं, मोबाइलच्या उजेडात.
पाइप लावला होता पान्याले."
यादोराव मान हलवतात. "मंग गरम कर, पोरी."

गॅसची निळी जीभ कडेकडेनं फिरवते.
ॲल्युमिनियम आधी फुगतं, पोलाद मागे राहतं,
दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, तीही घटकाभर.
तेवढ्यात मेणबत्तीचं टोक टेकवायचं.
मेण स्वतःच वाट काढत आट्यांमध्ये उतरतं.
वास येतो वीज गेलेल्या घरासारखा.

मग मध्य शोधायचा.
तुटलेल्या तोंडाला मध्य नसतो, उतार असतो.
पंचची खूण जरा चुकली
की ड्रिल कडेच्या मऊ धातूकडे सरकतं.
मऊ जागा कोणाला नको असते.
मी तीन वेळा डोळा मिटून बघते, एकदा मारते.

"आमचा बाप मागावर बसे, गोळीबार चौकात,"
यादोराव सांगतात, कोणालाच नाही.
"तुटल्या धाग्याचे दोन्ही टोकं भेटत वो.
लोखंडाचं एकच भेटते."

भोकात उलट्या आट्यांचा इझी-आउट,
तो जितका उलटा फिरतो तितका आत रुततो.
गेल्या पावसाळ्यात माझ्याकडून असाच एक
आतच मोडला होता,
बोल्टपेक्षा कडक, ड्रिलला न जुमानणारा.
वाडीला स्पार्कच्या मशीनवर पाठवला,
महिन्याचा अर्धा पगार गेला.
मनगटाला ते अजून आठवतं.

पाव फेरा. थांब.
मागे घे. तेल.
पुन्हा पाव, त्याहून कमीच.
घाम भुवईवरून टॅपच्या दांड्यावर.

कट्.

ड्रायव्हर उभा राहतो.
कूलरचं पाणी तेवढं ऐकू येतं.
सुटला तरी हाच आवाज, मोडला तरी हाच.
मी यादोरावांकडे बघते. त्यांनी डोळे मिटलेत.
"फिरव," म्हणतात. "मोडल्याचा आवाज कोरडा असते."

फिरवते.
येतो. गंज, मेण, काळं तेल घेऊन
एकेक आटा वर येतो,
शेंगेतला दाणा निघावा तसा काही नाही,
दाढ निघावी तसा.

ड्रायव्हर तो तुकडा तळहातावर घेतो,
चटका बसतो, या हातातून त्या हातात टाकतो,
पण खाली ठेवत नाही.

नवा बोल्ट दोन बोटांनी तळापर्यंत जातो.
ड्रायव्हर सवयीनं कोपऱ्यातला पाइप उचलतो.
मी तो काढून घेते, नुसता पाना देते.
तो आवळतो, थांबतो, माझ्याकडे बघतो.
"अजून?"

"बस," म्हणते मी.
खुर्चीतून यादोराव चहा सांगतात, चार.
आम्ही तिघंच आहोत.